हॉस्पिटल सोडून शाळेत सिस्टर झाले, त्या पहिल्या वर्षाची गोष्ट

माझ्याबरोबर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलेल्या निम्म्या मैत्रिणी आता नाइट ड्यूटीला कंटाळल्यात आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी फोन करून विचारतं, शाळेतली नोकरी कशी गं असते, आरामाची असते ना. तेच तेच सांगून दमले म्हणून एकदाच लिहून काढते. जून २०२४ ते एप्रिल २०२५ असं एक अख्खं वर्ष. पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूची विनाअनुदानित सीबीएसई शाळा, नर्सरी ते दहावी, चौदाशेच्या आसपास मुलं आणि सिस्टर मी एकटी. शाळेचं नाव लिहीत नाही, आणि मुलांबद्दल जे लिहिलंय त्यात ओळख पटेल असे तपशील बदललेत.

जाहिरात एप्रिलमध्ये आली. कागद लागले ते नेहमीचेच, जीएनएमचं सर्टिफिकेट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, अनुभवपत्र, बीएलएसचा, म्हणजे जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचा, कोर्स केला असेल तर ते. रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं हे आपल्या सगळ्यांना माहिती असतं आणि तरी तारीख बघत कुणीच नाही, तर आधी ती बघा. अनुभवपत्रासाठी हॉस्पिटलच्या एचआरने जवळजवळ महिनाभर झुलवलं, म्हणून राजीनामा टाकायच्या आधीच ते लेखी मागून ठेवा. इंटरव्ह्यूला प्रिन्सिपल मॅडम होत्या आणि ट्रस्टचे एक काका. मला वाटलं काहीतरी मेडिकल विचारतील. काकांनी विचारलं, "उलटी साफ करायला लागली तर चालेल ना?" मी म्हणलं, "चालेल, पण मावशी पण लागेल एक." ते वाक्य मी सहज बोलून गेले होते, पण पुढे त्याच्यामुळेच मला मदतीला एक मावशी मिळाल्या. पगार हॉस्पिटलपेक्षा सात हजारांनी कमी. मे महिन्याच्या सुट्टीचा पगार मिळणार का हे तिथेच विचारून घ्या, काही शाळा दहाच महिन्यांचा देतात.

जूनमध्ये रुजू झाले तर सिकरूम म्हणजे जिन्याखालची खोली. एक कॉट, तिच्यावर पीटीच्या मॅट्सचा ढीग, एक स्टीलचं कपाट, कपाटात अर्धी बाटली बीटाडीन आणि दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेलं पोटदुखीचं सिरप. बेसिन नाही. मी पहिल्याच दिवशी यादी केली. डिजिटल बीपी मशीन आणि त्याचा लहान मुलांचा कफ वेगळा, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स, नेब्युलायझर, दम्याच्या पंपाला लावायचा स्पेसर, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, डोळे तपासायचा तक्ता, व्हीलचेअर, कोल्ड पॅक, ओआरएस, पॅड्स, जास्तीच्या चड्ड्या आणि स्कर्ट. शेवटच्या दोन गोष्टींवर अकाउंट्सवाले सर हसले, पण वर्षभरात सगळ्यात जास्त त्याच लागल्या. सगळं मिळून तीसेक हजारांत बसलं, प्रत्येक गोष्टीची तीन कोटेशन्स आणून. बेसिन मात्र दिवाळीनंतर आलं, तोपर्यंत बादली-मगवर भागवलं.

आणखी एक गोष्ट जी मला रुजू होईपर्यंत माहितीच नव्हती. २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे जे नियम आहेत ना, पिवळी पिशवी, लाल पिशवी वगैरे, त्यात शाळेतल्या प्रथमोपचार खोलीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे रक्ताचा कापूस वर्गातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. कॉट नसलेल्या दवाखान्यांसारखंच प्रदूषण मंडळाकडून एकदाच ऑथोरायझेशन घ्यायचं आणि कचरा न्यायला मान्यता असलेल्या एजन्सीशी करार करायचा. ऑफिसला हे पटवण्यात पूर्ण जुलै गेला. शेवटी नियमाचं ते पान छापून फाइलला लावलं तेव्हा सही झाली. शाळेत तोंडी काहीच पुढे सरकत नाही, कागद लागतो.

आता मुख्य गोष्ट, फॉर्म. हॉस्पिटलमध्ये पेशंट येतो तेव्हा त्याच्याबरोबर केसपेपर येतो. शाळेत मूल येतं ते नुसतं. नाव, इयत्ता आणि "सिस्टर, कसंतरी होतंय". जूनच्या शेवटच्या आठवड्यात हेल्थ फॉर्म घरी पाठवले. परत आले ते बघून मी डोक्याला हात लावला, नव्वद टक्के फॉर्मवर 'आजार: नाही', 'ॲलर्जी: नाही', 'औषधं: नाही'. चौदाशे मुलांत जवळजवळ कुणालाच दमा नाही, फिट्स नाहीत, असं कुठे असतं का? लोक लपवतात, आणि का लपवतात तेही कळतं. ॲडमिशनला त्रास होईल, पिकनिकला नेणार नाहीत, वर्गात पोरं चिडवतील, आणि मुलगी असेल तर आजीला लग्नाचीसुद्धा काळजी असते, ती इयत्ता चौथीत असली तरी.

मग मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे पालकसभेच्या दिवशी हॉलच्या दाराजवळ टेबल टाकून बसले, समोर वजनकाटा. वजन करायच्या निमित्ताने लोक थांबतात आणि मूल जरा पुढे गेलं की हळूच सांगतात. दुसरी म्हणजे गेल्या वर्षीच्या हजेरीत ज्यांच्या आजारपणाच्या रजा जास्त होत्या त्यांच्या घरी दुपारी फोन केले. दुपारी अशासाठी की तेव्हा बहुतेक आया मोकळ्या असतात आणि सासूबाई झोपलेल्या असतात. ऑगस्टअखेर माझ्या यादीत दम्याचा पंप घेणारी मुलं होती, फिट्सची गोळी चालू असलेली तिघं, एक शेंगदाण्याची ॲलर्जी, हृदयाचं ऑपरेशन झालेला एक छोटा आणि दहावीतली टाइप वन डायबिटीसची मुलगी, जी तोपर्यंत मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये उभी राहून इन्सुलिन घेत होती. हे शाळेत फक्त तिच्या मैत्रिणीला माहिती होतं. नवीन सिस्टरला मी एकच सांगेन, पहिले दोन महिने दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, ही यादी करा. ती कुलुपात ठेवा, आणि वर्गशिक्षकांना फक्त त्यांच्या वर्गापुरतं, तेही पालकांना विचारून सांगा.

जुलै पुण्याला विचित्रच गेला. आधी एरंडवण्यात झिकाचे पेशंट निघाले, मग डेंग्यू, आणि २५ जुलैला तो पाऊस, एकतानगरीत पाणी घुसलं, शाळा बंद. उघडली तेव्हा तिकडच्या काही मुलांची दप्तरं-वह्या तर गेल्याच होत्या, पण एकाचा पंपही वाहून गेला होता आणि घरच्यांना त्या गोंधळात ते सुचलं नव्हतं. त्या आठवड्यात मी ताप तपासण्यापेक्षा फोन जास्त केले.

तापाचं एक गणित सांगते. सकाळी सात वाजता मुलाला ताप आहे, आई-बाबा दोघांना ऑफिस आहे, तर पॅरासिटामॉल देऊन व्हॅनमध्ये बसवतात. औषधाचा जोर चार ते सहा तास. अकरा-साडेअकराला सिकरूममध्ये थरथरत येणारं मूल बघितलं की मी पहिला प्रश्न विचारते, सकाळी गोड औषध घेतलंस का? मुलं खोटं बोलत नाहीत. मी आयांना ओरडत नाही, मी पण नोकरी करणारीच आहे, रजा मिळणं काय असतं ते माहितीये. पण आधीचा डोस किती वाजता दिला हे कळल्याशिवाय मी पुढचा देऊ शकत नाही, एवढं त्यांना सांगते. आणि औषधं मी माझ्या मनाने देतच नाही. शाळेने एक बालरोगतज्ज्ञ महिन्यातून दोनदा यायला ठरवलेत, त्यांच्याकडून पहिल्याच भेटीत लेखी सूचना घेतल्या, ताप असला तर वजनाप्रमाणे किती, धाप लागली तर काय, कधी थेट हॉस्पिटल. खाली त्यांची सही, रजिस्ट्रेशन नंबर, तारीख. हे नसेल तर गोळी द्यायच्या भानगडीत पडू नका, तुमची नोकरी आणि तुमचं रजिस्ट्रेशन दोन्ही टांगणीला लागतं.

ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं. त्यानंतर सरकारने सगळ्या शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती हे सगळं बजावलं आणि आम्ही सगळे, शिपाईमामांपासून मॅडमपर्यंत, पडताळणीच्या अर्जाला लागलो. मी समितीत नव्हते, पण मला एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती. सिकरूम ही अशी जागा आहे की जिथे मूल एकटं येतं आणि कपडे बाजूला करावे लागतात. म्हणून तेव्हापासून नियम केला, दार बंद करायचं नाही, पडदा लावायचा, मावशी खोलीत असणारच, मुलाला आधी सांगायचं कुठे बघणार आहे आणि नको म्हणालं तर थांबायचं. मुलांना घ्यायला येणाऱ्या माणसाची सही आणि फोटो ओळखपत्र बघायचं, मग तो कितीही घाईत असो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा आहे ना, त्याचं कलम १९ प्रत्येक सिस्टरने एकदा वाचावंच. संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि नाही कळवलं तर कलम २१ खाली आपल्याला शिक्षा. 'आधी ट्रस्टींना विचारू' असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर मी कपाटाच्या आतल्या दारावर चिकटवलाय, आणि मोठ्या मुलांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ बाहेरच्या बोर्डवर.

त्याच सुमारास जंतांच्या गोळ्यांची फेरी. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून खायची, एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना (दोन वर्षांखालच्यांना अर्धी), खासगी शाळांनाही येते. आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर कुठलातरी जुना व्हिडिओ फिरला आणि शंभरेक जणांनी 'आमच्या मुलाला देऊ नये' असं लिहून पाठवलं. दिलं नाही, सक्ती कशाला. मी फक्त दोन गोष्टी बघितल्या, डबा खाल्ल्यावरच गोळी द्यायची आणि मुलांना रांगेत उभं करायचं नाही, बाकावर बसवून द्यायची. कारण रांगेत एकीला मळमळलं की मागच्या पाच जणींना मळमळतं, हे २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत मी हॉस्पिटलकडून गेले होते तेव्हा बघितलेलं.

पोटदुखी. या विषयावर मी एक पुस्तक लिहू शकेन. सिकरूममध्ये येणाऱ्या मुलांपैकी निम्मी पोट धरून येतात, आणि शिक्षकांचं म्हणणं असतं की नाटकं करतात, गणिताचा तास आहे. काही असतातच तशी, आणि त्यांनाही मी परत हाकलत नाही, दहा मिनिटं बसू देते, पाणी देते, गप्पा मारते. मूल खोटं दुखणं घेऊन आलं तरी ते कशापासून तरी पळून आलेलं असतं. पण रजिस्टरमध्ये मी वेळ, इयत्ता, कुठे दुखतंय, काय खाल्लं, हे नीट लिहायला लागले आणि ऑक्टोबरात मागची पानं चाळताना दिसलं की सहावी-सातवीच्या मुली शेवटच्या दोन तासांना येतात, दुखणं ओटीपोटात, दोघींना लघवीला जळजळ. पाणी किती प्यायलं विचारलं तर बाटली भरलेली. का? तर बाथरूमला जायला नको म्हणून. का? तर दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या टॉयलेटच्या तीनपैकी दोन दारांना कडीच नाही. एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची, आणि तासाला दोघींना एकदम सोडत नाहीत.

मी तोंडी बोलले नाही. एका पानावर तारखा, इयत्ता, तक्रारींची संख्या, खाली 'दुसरा मजला, कड्या नाहीत', आवक नोंद करून मॅडमना दिलं. दोन दिवसांत सुतार आला, कड्या बसल्या, खर्च दोनशे रुपयेसुद्धा नसेल. नोव्हेंबरात त्या पोटदुखीची नोंद एकदम कमी झाली. इतकी वर्षं वॉर्डात काम करून मला अँटिबायोटिकची नावं पाठ आहेत, पण कडीचा उपाय रजिस्टरने सांगितला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच विधानसभेचं मतदान, २० नोव्हेंबरला, आमची शाळा मतदान केंद्र, त्यामुळे डोळे तपासायचा कार्यक्रम पुढे गेला. तो आम्ही व्हरांड्यात केला, तक्ता सहा मीटरवर, एक डोळा हाताने झाकून, आणि बोटाने डोळा दाबू द्यायचा नाही. पोरं पुढच्याचं ऐकून अक्षरं पाठ करतात म्हणून मी उलट्या क्रमाने विचारायचे. सातवीतला एक मुलगा, शेवटच्या बाकावरचा, 'लक्ष देत नाही' असा शेरा तीन वर्षांचा, त्याला दोन्ही डोळ्यांनी वरच्या दोन ओळींच्या खालचं काहीच दिसत नव्हतं. त्याची आई म्हणाली, "अहो सिस्टर, आम्ही मोबाईल काढून घेतला त्याचा, मला वाटलं त्यानेच झालंय सगळं." चष्मा लागला. सरकारी आणि अनुदानित शाळांत आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, टीम येऊन हे करते, २०१३ साली पालघरमधूनच त्या कार्यक्रमाची सुरुवात झाली होती. आमच्यासारख्या खासगी शाळांत ते येत नाहीत, तिथे सिस्टरने केलं तर होतं.

डिसेंबर. प्रार्थनेची वेळ, थंडी, सगळं मैदान भरलेलं आणि सहावीच्या रांगेत धप्प आवाज. मी पोचेपर्यंत पीटीच्या सरांनी पायातला बूट काढून मुलाच्या नाकाशी धरला होता, कँटीनमधून कांदा आणायला कुणीतरी पळालं होतं, आणि एक टीचर त्याच्या दातांत चमचा घालायला बघत होत्या. सगळी चांगल्या मनाची माणसं. मी म्हणलं, "सर, बूट आधी पायात घाला, आणि मुलांना वर्गात न्या." घड्याळ बघितलं. टाय सैल केला, डोक्याखाली स्वेटर, आजूबाजूच्या कुंड्या सरकवल्या, हातपाय दाबून धरले नाहीत, तोंडात काहीही घातलं नाही, झटके कमी व्हायला लागल्यावर कुशीवर वळवला म्हणजे लाळ बाहेर येते. मावशी पळत जाऊन माझ्या कपाटातून त्याच्या नावाची पिशवी घेऊन आल्या. त्यात मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे होता, त्याच्या न्यूरोलॉजिस्टने लिहून दिलेला, पाच मिनिटांवर गेलं तर किती फवारे मारायचे त्या कागदासकट. दोन-सव्वादोन मिनिटांत झटका थांबला, स्प्रे लागलाच नाही. मग तो गाढ झोपला, पँट ओली झाली होती, ती सिकरूममध्ये बदलली, आणि जास्तीच्या चड्ड्यांवर हसलेले अकाउंट्सवाले सर तेव्हा तिथे नव्हते याचं मला वाईट वाटलं.

हा मुलगा ऑगस्टमधल्या दुपारच्या फोनवाल्यांपैकी. त्याच्या फॉर्मवरही 'आजार: नाही' होतं. आई आली, रिक्षातून उतरतानाच रडत होती, आदल्या रात्री लग्नाहून उशिरा आले आणि गोळी राहिली म्हणाली. मी तिला पाणी दिलं आणि किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं, आधी कुठला हात हलला, असं सगळं लिहिलेला कागद हातात दिला, डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टरांना हे फार उपयोगी पडतं, घरचे लोक घाबरलेले असल्यामुळे नेहमी 'अर्धा तास चाललं' सांगतात.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वर्गावर गेले. आईची परवानगी घेऊनच. मुलांचे प्रश्न मोठ्यांपेक्षा सरळ असतात. मला लागेल का हे? नाही. तो मरणार होता का? नाही. परत झालं तर आम्ही काय करायचं? बाजूला सरकायचं, घड्याळ बघायचं, एकाने मला बोलवायला यायचं. झालं. मुलांचं समाधान झालं, एका पालकांचं झालं नाही, त्यांनी त्याला सहलीला नेऊ नका असा अर्ज दिला. मॅडमनी मला विचारलं, मी लिहून दिलं की मी बरोबर जाते, पिशवी माझ्याकडे असेल. तो सहलीला आला, बसमध्ये गाणी म्हणून म्हणून घसा बसवून घेतला, तेवढंच काय ते दुखणं. शिक्षकांसाठी मग जानेवारीच्या पहिल्या शनिवारी एक तासाचं ट्रेनिंग घेतलं. फिट, घोळणा फुटणं, धाप, आणि दात पडणं. घोळणा फुटला की डोकं मागे नाही, पुढे करून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबायचा. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता तो थंड दुधात टाकायचा आणि तासाभराच्या आत डेंटिस्ट गाठायचा. तेव्हापासून कँटीनच्या फ्रीजमध्ये एक दुधाची पिशवी कायम असते.

आणि मग जीबीएस, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार, ज्यात हातापायांतली ताकद जाते. जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेडगाव, धायरी या सगळ्या आमच्याच भागात पेशंट निघाले, महिनाअखेर आकडा शंभराच्या वर, टीव्हीवर दिवसभर तेच. निम्मी मुलं त्याच भागातली. मॅडमनी विचारलं, शाळा बंद करायची का? हा निर्णय माझा नव्हता, पण मी जे माहिती होतं ते सांगितलं, की जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, संशय पाण्याचा आहे, काही पेशंटमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडलेत, म्हणजे आपण टाकी बघायची. टाकी धुतली, पाण्यातलं क्लोरीन तपासायचं ओटी टेस्टचं किट आणलं आणि रोज सकाळी शिपाईमामा आणि मी मिळून क्लोरीन बघायला लागलो. उरलेलं क्लोरीन निदान ०.२ पीपीएम यायला हवं, रंग फिका पिवळा. पहिल्या दिवशी रंगच आला नाही. टँकरचं पाणी होतं ते. तेव्हापासून टँकर आला की आधी टेस्ट, मग टाकीत. वही भिंतीला टांगली, पालकांना येऊन बघू दिली, आणि खरं सांगते, पालकांची भीती ग्रुपवरच्या दहा मेसेजपेक्षा त्या वहीने जास्त कमी झाली. घरून उकळलेलं पाणी आणायला सांगितलं, कँटीनमधली कापलेली फळं बंद केली.

त्या आठवड्यांत 'पायाला मुंग्या येतात' म्हणून इतकी मुलं आली की विचारू नका, त्यातली बरीच चित्रकलेच्या तासाला मांडी घालून बसून आलेली. मी कुणाला हसले नाही. प्रत्येकाला टाचेवर चालायला लावायचे, मग चवड्यावर, मग उकिडवं बसून हात न टेकता उठायचं, मग दोन पायऱ्या. आणि मागच्या पंधरा दिवसांत जुलाब झाले होते का. हे सगळं नीट जमलं की मूल स्वतःच म्हणायचं, सिस्टर गेल्या मुंग्या. एका मुलीला पायऱ्या नीट चढता येईनात, तेव्हा मी आईला बोलावून तिला त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवलं, तपासून दोन दिवसांत घरी सोडली, जीबीएस नव्हतं. पाठवल्याबद्दल तिचे वडील जरा वैतागले, बिल झालं म्हणून. परत तशी मुलगी दिसली तर परत पाठवेन.

दहावीतल्या त्या डायबिटीसच्या मुलीचं राहिलं. ती सप्टेंबरपासून मधल्या सुट्टीत सिकरूममध्ये यायला लागली, शुगर बघायची, डबा बघून पोळ्या मोजायची, इन्सुलिन स्वतःच घ्यायची, मी फक्त आकडा लिहून ठेवायचे आणि सुई पांढऱ्या डब्यात. शुगर ७० च्या खाली असली तर आधी तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून परत टेस्ट, आणि त्या अवस्थेत एकटीला वर्गात पाठवायचं नाही. १५ फेब्रुवारीपासून बोर्ड होतं आणि तिची आई डिसेंबरपासून मला विचारत होती की तीन तास ती काय करणार. सीबीएसईने २०१७ मध्येच टाइप वनच्या मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, केळं-सफरचंदासारखं फळ, सँडविच आणि पाण्याची छोटी बाटली न्यायची परवानगी दिलेली आहे, पण ती आपोआप मिळत नाही. डायबिटीसच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, ते शाळेने प्रिन्सिपलच्या पत्रासकट केंद्रप्रमुखांना परीक्षेच्या निदान एक दिवस आधी द्यायचं. आम्ही जानेवारीतच दिलं आणि पोच घेतली. तरी पहिल्या पेपरला गेटवरच्या माणसाने केळं अडवलं. मुलीने पोच दाखवली आणि आत गेली. पोचेची झेरॉक्स प्रत्येक पेपरला पाउचमध्ये ठेवायची, ओरिजिनल घरी. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी हे नववीतच शाळेला सांगावं, सिस्टर असो नसो.

एप्रिलमध्ये वर्ष संपताना सगळ्यांच्या औषधांच्या पिशव्या पालकांना सही घेऊन परत दिल्या, मुदत संपलेली वेगळी काढली, रजिस्टर बंद केलं, आणि दहावी होऊन गेलेल्या मुलांचे फॉर्म ऑफिसला सुपूर्द केले. यंदाचा फॉर्म मी नव्याने केलाय. 'आजार आहे का' हा प्रश्न काढून टाकला, त्याला सगळे 'नाही'च लिहितात. त्याऐवजी विचारलंय: रोज किंवा अधूनमधून कुठलं औषध, पंप, इंजेक्शन चालू आहे? कधी बेशुद्ध पडला किंवा हातपाय झटकले? खेळताना धाप लागते? काय खाल्ल्यावर अंगावर उठतं? कधी ऑपरेशन झालंय? आणि सगळ्यात खाली, 'यातलं वर्गशिक्षकांना सांगितलेलं चालेल का: हो / नाही'. वर ठळक अक्षरात लिहिलंय की यातल्या कुठल्याही उत्तरामुळे सहल, खेळ किंवा प्रवेश नाकारला जाणार नाही, आणि त्याखाली मॅडमची सही आहे. ती सही मिळवायला मे महिन्यात तीन आठवडे लागले, ट्रस्टच्या मीटिंगमध्ये जाऊन आलेली सही आहे ती. फॉर्म शाळा सुरू होताना बंद पाकिटातून जातायत, आणि पाकीट डायरीत ठेवून वर्गात द्यायचं नाही, थेट सिकरूमच्या खिडकीत टाकायचं.